औषधोपचार : दया, मोबदला की हक्क?

दरवर्षी २५ डिसेंबरला देहूरोडच्या बुद्धविहारात आपल्या समाजाची मोठी गर्दी लोटते. १९५४ साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती येथे स्वहस्ते स्थापन केली. गेल्या २५ डिसेंबरला तेथे माझी मावसबहीण भेटली. ती इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे व महिन्याच्या रजेवर आली होती. माझ्याबरोबर माझा धाकटा भाऊ होता. त्याला पाहताच ती म्हणाली, "ताई, हा इतका का वाळला?"

भावाने हसून टाळले. उत्तर मला द्यावे लागले. तो चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. त्याला क्षयरोग झाला. सहा महिने औषधे घेतली आणि आता तो बरा आहे.

बहिणीने परिचारिकेच्या सवयीने दोन प्रश्न विचारले. "औषधं वेळेवर मिळाली का?" मी म्हटले, "मिळाली. एक पैसाही कुणी घेतला नाही." "आणि पगार?" यावर आम्ही दोघे भावंडे गप्प बसलो.

त्या दिवशी विहाराच्या आवारात आमची जी चर्चा झाली, तिच्यातून हा लेख झाला आहे. विलायतेत सारे चांगले व आपल्याकडे सारे वाईट, असे ठरविण्यासाठी मी हा लिहीत नाही. बहिणीने तेथील अडचणीही सांगितल्या. त्या पुढे येतील. माझा प्रश्न वेगळा आहे. आजारी माणसाला औषधोपचार मिळतो तो कशाच्या बळावर? कोणाच्या दयेवर, त्याने भरलेल्या पैशाच्या मोबदल्यात, की तो आजारी आहे एवढ्याच कारणाने? दोन देशांच्या दवाखान्यांतील खरा फरक या प्रश्नाच्या उत्तरात आहे, असे मला वाटते.

दयेचा अनुभव

दयेचा अनुभव आपल्या लोकांना नवा नाही. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे. त्या शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्याची पत्नी बाळंत झाली व दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर यायला तयार होईना. शेवटी मोठ्या लोकांची रदबदली झाली, दोन रुपये फी ठरली, आणि वस्तीत पाऊल टाकणार नाही या अटीवर तो आला. बाळंतिणीला वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती दिला आणि नवऱ्याने बायकोला लावला. परत जाताना तो याच हातांनी परत गेला. न्यूमोनिया आहे असे सांगून डॉक्टर निघून गेला. औषध आले, पण डॉक्टर पुन्हा आला नाही. ती बाई गेली.

मी शिक्षिका आहे. ही हकीकत वर्गात सांगते तेव्हा एखादा तरी मुलगा हमखास विचारतो, "बाई, त्यांनी फी दिली होती ना?"

मुलाचा प्रश्न अगदी बरोबर आहे. फी दिली होती. तरीही त्या बाईला जे मिळाले ती दयाच होती. कारण डॉक्टरने हात लावायचे नाकारले तरी त्याला जाब विचारणारे कोणी नव्हते. पैसे मोजल्याने आपोआप हक्क निर्माण होत नाही. नकार देणाऱ्याला जेथे उत्तर द्यावे लागते, तेथेच हक्क असतो. हा फरक मनात ठेवून पुढे जाऊ.

वडिलांचे कार्ड

माझे वडील १९७२ च्या दुष्काळानंतर आजच्या धाराशिव जिल्ह्यातून पिंपरीला आले. प्रथम बांधकामावर विटा वाहिल्या, पुढे एका कारखान्यात कायम झाले आणि त्यांना कामगार विमा योजनेचे कार्ड मिळाले. ते कार्ड त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवले होते. आम्हा दोघा भावंडांचा जन्म त्याच कार्डावर झाला. गावात वैद्याच्या ओसरीखाली उभे राहून वरून टाकलेली पुडी झेलणारा हा माणूस. दवाखान्यात रांगेत उभे असताना कोणी 'फुकटची औषधे' म्हटले तर ते चिडून म्हणत, "फुकटचं न्हाई. पगारातनं कापून घेत्यात."

या वाक्यातील स्वाभिमान मी लहानपणी ऐकला, पण त्याचा अर्थ पुढे कळला. वडिलांसारख्या माणसाच्या दृष्टीने मोबदल्याचे तत्त्व ही फार मोठी मजल होती. आपण भरले म्हणून आपल्याला मिळाले; कोणाच्या उपकाराचे ओझे नाही. म्हणून मोबदल्याच्या तत्त्वाला मी सहजासहजी नावे ठेवणार नाही. दयेतून बाहेर पडण्याची ती पहिली पायरी होती. प्रश्न एवढाच, की तीच शेवटची पायरी मानायची काय?

एकाच वर्षातील दोन कायदे

येथे थोडा इतिहास पाहणे अवश्य आहे. बाबासाहेब जुलै १९४२ ते जून १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ च्या मार्चमध्ये, कारखान्यातील कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपविण्यात आले व १९४४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आपला अहवाल दिला. या पायावर एप्रिल १९४८ मध्ये कामगार राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला योजना सुरू झाली. दरम्यान १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला होता. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही योग्य उपचारांवाचून राहता कामा नये, हे तत्त्व त्या समितीने स्पष्ट शब्दांत मांडले होते. म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आपल्यापुढे दोन वाटा होत्या. एक सर्वांची आणि दुसरी नोंदलेल्या कामगाराची. भोर समितीची वाट कागदावर राहिली. कायदा झाला तो नोंदलेल्या कामगारासाठी.

आता ब्रिटनकडे पाहा. तेथे १९११ च्या कायद्याने कामगारांचा आरोग्य विमा सुरू झाला होता. ठरावीक मिळकतीखालच्या कामगाराला डॉक्टर मिळे. त्याच्या बायकोमुलांना मिळत नसे. काम गेले की हक्कही डळमळीत होई. हा प्रकार ५ जुलै १९४८ रोजी संपला. त्या दिवशी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि देशात राहणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टर, दवाखाना व रुग्णालय जागेवर पैसे न देता खुले झाले. खर्च मुख्यत्वे करांतून भागवायचे ठरले.

हे घडवून आणणारे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन हे वेल्समधील ट्रेडेगर गावच्या खाणकामगाराचे पुत्र. ते स्वतः कोवळ्या वयात खाणीत उतरले होते. त्यांच्या गावात कामगारांची वैद्यकीय मदत संस्था होती. मजुरीतील पौंडामागे काही पेनी भरून खाणकामगारांनी आपल्यासाठी व कुटुंबांसाठी डॉक्टर नेमले होते. बेव्हननी ही संस्था आतून पाहिली होती. मोबदल्याच्या तत्त्वाचा स्वाभिमान त्यांनाही ठाऊक होता. परंतु मंत्री झाल्यावर त्यांनी ट्रेडेगरच्या धर्तीवर देशभर विमा काढला नाही. कामगारांनी गावापुरते जे निर्माण केले होते ते त्यांनी सर्वांचे केले. ज्याच्याकडे काम नाही त्याचेही केले.

एकाच वर्षी, अवघ्या तीन महिन्यांच्या अंतराने, ब्रिटनने आपले जुने विम्याचे कार्ड टाकून दिले आणि आपण तसेच कार्ड हाती घेतले. यात आपल्या त्या वेळच्या धुरीणांचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. नवा, गरीब देश होता. कोठून तरी सुरुवात करायची होती. उलट, आपल्या कायद्याने पुढे कामगाराच्या कुटुंबालाही उपचार दिले व आजारपणातील पगाराचीही सोय केली. आजारी कामगाराला मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत आणि क्षयासारख्या दीर्घ आजारात ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत देण्याची तरतूद ब्रिटनच्या आजारभत्त्यापेक्षा उदार आहे. तेथे आठवड्याला एक लहानशी रक्कम, तीही जास्तीत जास्त २८ आठवडे मिळते. हे बहिणीला सांगितले तेव्हा तिलाही नवल वाटले.

पण सुरुवात म्हणून काढलेली रेघ पुढे कुंपण होऊन बसली. कायदा झाला तेव्हा दरमहा ४०० रुपये पगाराची मर्यादा होती; २०१७ साली ती २१,००० रुपये झाली. वडिलांचा पगार एकदा त्या वेळच्या मर्यादेच्या वर गेला आणि त्यांचे पेटीतील कार्ड निकामी झाले. रेघेच्या वर गेले की कार्ड सुटते, आणि रेघेखाली असूनही ठेकेदाराने नाव लावले नाही तर ते मिळतच नाही.

चाकणची खोली

भाऊ चार वर्षे एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर उभा होता. या चार वर्षांत तीन ठेकेदार बदलले. यंत्र तेच, माणूस तोच; कागदावर मात्र तो प्रत्येक वेळी नवा कामगार झाला. तिसऱ्या ठेकेदाराच्या पगारपत्रकात विम्याचे १२४ रुपये दरमहा कापलेले दिसत. साडेसोळा हजारांवर पाऊण टक्का म्हणजे तेवढेच होतात. २०१९ पासून कामगाराचा वाटा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के आहे. भावाला वाटे, आपले चालू आहे.

पावसाळ्याच्या सुरुवातीला खोकला लागला. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात खराबवाडी, महाळुंगे, निघोजे या गावांतून कामगारांच्या खोल्यांच्या ओळीच्या ओळी उभ्या आहेत. दहा बाय दहाच्या एका खोलीत चार-पाच जण राहतात. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच अंथरुणावर पडतो. दवाखान्यासाठी सुटी घ्यावी तर त्या दिवसाचा पगार जातो. म्हणून भाऊ संध्याकाळी खासगी डॉक्टरकडे जाई. एक इंजेक्शन, तीन दिवसांच्या गोळ्या, एक खोकल्याची बाटली. असे तीनदा झाले. चौथ्या वेळी विमा दवाखान्यात गेला, तेव्हा खिडकीवर उत्तर मिळाले की नंबर चालू नाही. आठ महिने पैसे कापले गेले होते, पण भरले गेले नव्हते. कायद्याने ठेकेदाराच्या माणसांचा वाटा भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर आहे. पण ही गोष्ट खिडकीपुढे उभ्या असलेल्या, ताप अंगात असलेल्या माणसाला कोण सांगणार?

त्याला सरकारी रुग्णालयात नेले ते खोलीतील एका ओडिया मुलाने. मला तर आठ दिवसांनी कळले. थुंकी तपासली, क्ष-किरण फोटो काढला, क्षयरोग निघाला आणि त्याच आठवड्यात औषध सुरू झाले. आधार क्रमांक व बँकेचे खाते विचारले, ते पोषणाचे दरमहा हजार रुपये जमा करण्यासाठी. तू कोणाकडे कामाला आहेस, ठेकेदार कोण, हप्ता भरला आहे का, हे कोणीही विचारले नाही. एका आठवड्यात तो गोळ्या न्यायला गेला नाही, तर आरोग्य कर्मचारी खोलीवर शोधत आली.

नोंद अखंड राहिली असती तर कामावर न गेलेल्या चार महिन्यांचे विम्याचे पैसे त्याला हक्काने मिळाले असते. ते मिळाले नाहीत. मोटारसायकल विकली, माझी थोडी शिल्लक गेली. तक्रार दाखल केली आहे. बहिणीच्या दुसऱ्या प्रश्नावर आम्ही गप्प बसलो त्याचे कारण हे.

बर्मिंगहॅमचा दवाखाना

बहिणीने तिकडचे सांगितले ते असे. माणूस राहतो त्या भागातील डॉक्टरकडे त्याचे नाव नोंदलेले असते. ताप, खोकला, साखर, रक्तदाब यांसाठी तेथेच जायचे. तपासणीचे पैसे नाहीत. रुग्णालयात दाखल झाले तरी बिल येत नाही. "आमच्या वॉर्डात फरशी पुसणारा माणूस एजन्सीचा आहे," ती म्हणाली. "एजन्सी दरवर्षी बदलते. पण त्याचा डॉक्टर बदलत नाही. आमच्या मोठ्या सर्जनचं नावसुद्धा त्याच दवाखान्यात आहे."

हे वाक्य ऐकून भाऊ पहिल्यांदा बोलला. "म्हणजे ठेकेदार बदलला तरी खोकल्याला कळत नाही," तो म्हणाला.

अडचणी तिने लपविल्या नाहीत. सकाळी आठ वाजता फोन लावून बसावे, तेव्हा कोठे डॉक्टरची वेळ मिळते. २०२३ साली इंग्लंडमध्ये ठरवून करावयाच्या उपचारांच्या प्रतीक्षायादीत ७५ लाखांहून अधिक नोंदी होत्या. खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी म्हातारी माणसे महिनेच्या महिने दुखणे काढतात. तातडीच्या विभागात रुग्ण ढकलगाडीवर बोळात पडून असतात आणि परिचारिका धावून धावून थकतात. इंग्लंडमध्ये ज्यांना सूट नाही त्यांना औषधाच्या प्रत्येक नगाला शुल्क द्यावे लागते. २०२४ साली ते ९ पौंड ९० पेन्स झाले. वेल्समध्ये मात्र २००७ सालीच रद्द झाले. बेव्हन यांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले ते अशाच शुल्काच्या प्रश्नावर. चष्मे व दातांच्या कवळ्यांवर आकार बसविणे त्यांना मान्य नव्हते.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. मावशी तिच्याकडे दोन महिने राहायला गेली होती. तेथे तिची साखर वाढली. भागातील डॉक्टरने पैसे न घेता तपासले. पण पाहुण्या परदेशी माणसाला रुग्णालयात दाखल करण्याची वेळ आली, तर दीडपट दराने बिल होते. व्हिसावर तेथे राहणाऱ्यांपैकी अनेकांना दरवर्षी आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो १,०३५ पौंड आहे. म्हणजे ब्रिटननेही कार्ड पुरते टाकलेले नाही. आपण ते कारखान्याच्या दारात विचारतो. ते देशाच्या दारात विचारतात.

खोकला आणि साखर

मी विचारले, "मावशीला क्षय झाला असता तर?" बहीण म्हणाली, "मग एक पैसा घेतला नसता. क्षयाचं निदान आणि औषध तिथं परक्या माणसालाही मोफत आहे."

येथे दोन्ही देश एकत्र येतात. हे काही केवळ योगायोगाने नाही. १९५६ साली मद्रासला क्षयरोगावरील औषधोपचाराचे संशोधन केंद्र सुरू झाले ते भारतीय व ब्रिटिश वैद्यकीय संशोधन संस्था, मद्रास सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने. दाटीवाटीच्या गरीब घरात राहून औषध घेणारा रुग्ण हा आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो आणि घरातील माणसांना त्याच्यापासून जास्त धोका होत नाही, हे त्या केंद्राने १९५९ साली दाखवून दिले. त्यानंतर गरीब रुग्णाला 'तुझ्या घरात हे जमणार नाही' असे सांगण्याची सोय राहिली नाही. आमच्या पिंपरीत १९५४ साली उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये प्रथम पेनिसिलीन व पुढे स्ट्रेप्टोमायसीन तयार होऊ लागले. स्ट्रेप्टोमायसीन हे त्या काळचे क्षयावरचे महत्त्वाचे औषध. लंडनमध्ये १९२८ साली एका बुरशीत सापडलेले पेनिसिलीन आणि क्षयावरचे हे दुसरे औषध, दोन्ही आपल्याच कामगारांच्या हातांनी येथे तयार होत होती.

मग एक प्रश्न उरतो. जे क्षयाला जमते ते साखरेला का जमत नाही?

माझ्या घरात दोन रुग्ण होते. भावाच्या गोळ्या चुकल्या तर कर्मचारी शोधत आली. वडील मधुमेही आहेत. महिनाअखेर पैसे संपत आले की ते गोळी अर्धी करून घेतात. त्यांना शोधत कोणी आले नाही. महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले, ही चांगली गोष्ट झाली. पण महापालिकांची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ते प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावर कामास येते. महिन्याच्या गोळ्यांना नाही. पाय कापण्याची वेळ आली तर योजना आहे; पाय वाचविणारी गोळी खिशातून. सरकारच्याच हिशेबाप्रमाणे देशातील आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा निश्चित आहे. तरीही हा वाटा थोडा नव्हे.

क्षयरोग्याला कार्ड विचारत नाहीत, कारण त्याचा खोकला भिंतीपलीकडे जातो. साखर भिंत ओलांडत नाही. ती ज्याची त्यालाच खाते. म्हणजे क्षयरोग्याला आपण औषध देतो ते काही अंशी आपल्या भीतीपोटी. यात गैर काही नाही. त्या भीतीने माझा भाऊ वाचला. परंतु ज्याच्या आजाराची इतरांना भीती नाही, त्याचा जीव कमी मोलाचा कसा? जो इतरांना उपद्रवही देऊ शकत नाही आणि पैसेही देऊ शकत नाही, त्याच्याकडे पाहण्याचे कारण आपल्याजवळ कोणते?

भिक्खूने दिलेले कारण

या प्रश्नावर विनयपिटकातील रुग्ण भिक्खूची कथा पुन्हा वाचावी. ती आपण बहुधा करुणेची कथा म्हणून सांगतो. एका भिक्खूला अतिसार झाला होता व तो स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तथागत आणि आनंद तेथे आले. आनंदाने पाणी आणले, भगवंतांनी ते ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर ठेवले. एवढे सर्वांना ठाऊक असते. पण त्याआधीचा संवाद आपण विसरतो. इतर भिक्खू तुझी शुश्रूषा का करीत नाहीत, असे विचारल्यावर त्या भिक्खूने कारण सांगितले की मी त्यांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून. नंतर संघाला विचारले, तेव्हा संघानेही हेच कारण दिले.

हे कारण नीट पाहा. त्यात द्वेष नाही, शिवाशिव नाही. हा शुद्ध मोबदल्याचा न्याय आहे. त्याने काही भरले नाही, म्हणून त्याला काही मिळाले नाही. त्याचा नंबर चालू नव्हता.

तथागतांनी हा हिशेब मानला नाही. तुम्हाला येथे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील, असे त्यांनी संघाला विचारले. ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने रुग्णाची करावी, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्या भिक्खूवर दया करा, असे ते म्हणाले नाहीत. शुश्रूषा हे संघाचे कर्तव्य ठरविले आणि ती न करणे हा दोष ठरविला. म्हणजे येथे नकाराला जाब आला. कर्तव्य संघाचे झाले, की त्याच्या दुसऱ्या बाजूला रुग्णाचा हक्क आपोआप उभा राहतो.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप माझ्या वडिलांचाच आहे. न भरता मिळाले तर ती पुन्हा भीकच नाही का? मी त्यांना एवढेच सांगितले की न भरणारा माणूस या देशात कोणी नाही. साबणाची वडी, बिस्किटाचा पुडा, मोबाईलचे रिचार्ज, प्रत्येकावर कर आहे आणि तो चाकणच्या खोलीतील मुलगाही भरतो. ठेकेदार विम्याचे पैसे बुडवू शकतो. पण त्या मुलाने साबणावर भरलेला कर त्याच्या नावे कोठेच नोंदला जात नाही, म्हणून आपण त्याला 'फुकटा' म्हणतो. करांतून चाललेल्या दवाखान्यात ब्रिटनचा माणूस मान खाली घालून जात नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. आपला देश गरीब, हे कसे परवडणार? १९४८ साली ब्रिटन श्रीमंत दिसत नव्हता. युद्धाने खंगलेल्या त्या देशात साखर व मांस शिधापत्रिकेवर मिळत होते. त्याहून जवळचे उदाहरण श्रीलंकेचे. त्या लहान व फारशा श्रीमंत नसलेल्या देशाने १९५१ साली सरकारी दवाखान्यांतील फी रद्द केली. गावोगाव सुईणी नेमून बाळंतिणींचे मृत्यू कमी केले, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये तो हिवतापमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. २०२२ च्या आर्थिक संकटात तेथेही औषधांचा तुटवडा पडला, हे खरे. पण श्रीमंत झाल्यावर मग माणसाला औषध देऊ, असे त्यांनी म्हटले नाही.

गिरनारच्या शिलेवर कोरलेल्या सम्राट अशोकाच्या दुसऱ्या लेखात याच लंकेचे, म्हणजे ताम्रपर्णीचे, नाव आहे. आपल्या राज्यात आणि चोल, पांड्य, ताम्रपर्णी व थेट यवन राजा अंतियोक याच्या राज्यापर्यंत मनुष्यांच्या व पशूंच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे आणि जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या नेऊन लावल्याचे त्यात सांगितले आहे. लेख राजाचा आहे, रुग्णाचा नाही. प्रत्यक्षात किती जणांना औषध मिळाले ते आज मोजता येणार नाही. परंतु रुग्ण कोणाचा प्रजाजन आहे हे न विचारता औषध पाठविण्याची कल्पना या भूमीत सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरली गेली, ही गोष्ट लहान नाही. आमच्या कारखान्याच्या दारापेक्षा आणि ब्रिटनच्या विमानतळापेक्षा तिचे कुंपण लांब होते.

आपण काय करावे?

घटनेच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. १९९६ साली पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तातडीचा उपचार हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. २०२३ साली राजस्थानने आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. अशा कायद्याची मागणी महाराष्ट्रात आपण लावून धरली पाहिजे, आणि तिच्यात रोजच्या आजाराच्या रोजच्या गोळीचा स्पष्ट उल्लेख असला पाहिजे.

परंतु कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पिंपरी-चिंचवड, देहूरोड, चाकण येथील आपल्या विहारांत रविवारी वंदनेनंतर अर्धा तास बसावे. ज्या मुलांचे विम्याचे पैसे कापले जातात त्यांची पगारपत्रके पाहावीत, नंबर चालू आहे की नाही ते मोबाईलवर तपासावे, नसेल तर मूळ मालक व विमा कार्यालय या दोघांकडे लेखी अर्ज करावा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल त्याला बाटलीवर न ठेवता थुंकीच्या तपासणीला न्यावे. वस्तीतील मधुमेहाच्या म्हाताऱ्यांची यादी करून त्यांना सरकारी रुग्णालयात गोळ्या मिळतात का, हे दरमहा विचारावे. मिळत नसतील तर तसे लिहून द्यावे. हे काम करताना समोरचा कोणत्या समाजाचा, कोणत्या प्रांताचा, हे विचारू नये.

माझ्या भावाला रुग्णालयात नेणारा तो ओडिया मुलगा आता चाकणला नाही. ठेकेदार बदलला तेव्हा त्याचे काम गेले आणि तो दुसरीकडे निघून गेला. त्याचे नाव कोणत्या कार्डावर आहे की नाही, तो आजारी पडला तर त्याला कोण नेईल, हे आम्हाला ठाऊक नाही. भावाने त्याला दोनदा फोन लावला, लागला नाही. घरदार सोडून आलेली, येथे आईबाप नसलेली अशी हजारो मुले या पट्ट्यात राहतात. त्या भिक्खूच्या कुटीत तथागतांनी संघाला जे विचारले, ते आज आपल्याला या खोल्यांपुढे उभे राहून विचारलेले आहे, असे समजून आपण कामाला लागावे. जयभीम.